नव्या घराच्या खिडक्यांना ब्लाइंड्स मागवताय? आधी मोबाईल खाली ठेवा आणि टेप हातात घ्या

आजचा विषय थोडा घरगुती आहे. पण त्याचा मोबाईलशी संबंध आहे, आणि माझ्या खिशाशी तर फारच.

डिसेंबरमध्ये आम्हाला पुण्यात रावेतला नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला. माझी ताई स्टाफ नर्स आहे. नाइट ड्युटी करून ती सकाळी नऊला घरी येते आणि चारपर्यंत झोपते, म्हणजे झोपायला हवं. नव्या घरात तिच्या बेडरूमच्या खिडकीतून दोन-अडीच वाजता ऊन थेट उशीवर यायचं. आम्ही काचेला पेपर चिकटवले, त्यावर जुनी चादर लावली. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "एवढं कर्ज काढून घर घेतलं, आणि झोप मात्र भाड्याच्या घरातच राहिली." मग मी ठरवलं, ब्लाइंड्सचं काम आपण करायचं. घरात 'टेक्निकल माणूस' मीच ना!

पहिली ऑर्डर पूर्ण चुकली. का चुकली ते आधी सांगतो.

एआर अ‍ॅपने माप घेतलं आणि फसलो

मोबाईलचा कॅमेरा खिडकीसमोर धरायचा, एका कोपऱ्यावर टिंब ठेवायचं, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवायचा, की स्क्रीनवर माप हजर. मला आलं १.२१ मीटर. मी तेच आकडे टाकून चौकटीच्या आत बसणारा रोलर ब्लाइंड ऑर्डर केला. आला तेव्हा कळलं की खिडकीची खरी रुंदी खालच्या बाजूला ११८६ मिमी आहे. ब्लाइंड २४ मिमीने मोठा!

हे अ‍ॅप काम कसं करतं ते बघा. कॅमेऱ्याला एकट्याला अंतर कळत नाही. तो भिंतीवरचे ठिपके, कडा, डाग असे ओळखता येणारे बिंदू पकडतो. तुम्ही हात हलवता तेव्हा ते बिंदू चित्रात किती सरकले हे तो बघतो, आणि फोन स्वतः किती हलला हे अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोपकडून घेतो. दोन्ही जुळवून अंतराचा अंदाज निघतो. आता नवं घर आठवा. कोरी पांढरी भिंत, गुळगुळीत ग्रॅनाइट आणि चकचकीत काच. पकडायला बिंदूच नाहीत, आणि काचेत दिसतं ते समोरच्या बिल्डिंगचं प्रतिबिंब. आयफोनच्या प्रो मॉडेल्समध्ये लायडार असतं. ते इन्फ्रारेड लेझर सोडून अंतर मोजतं, त्यामुळे भिंतीवर बरंच बरं चालतं, पण काच त्यालाही चकवते. सोफा दारातून जाईल का, एवढं बघायला ही अ‍ॅप्स मस्त आहेत. मिलिमीटरच्या कामाला नाहीत.

मोठा आलेला ब्लाइंड चौकटीबाहेर भिंतीवर लावून पाहिला. तेव्हा दुसरी गोष्ट समजली. ऑर्डरमधलं माप ब्रॅकेटपासून ब्रॅकेटपर्यंतचं असतं. कापड त्यापेक्षा अरुंद असतं, माझ्या ब्लाइंडमध्ये ३५ मिमीने. म्हणजे कापड ११७५ मिमी आणि खिडकी ११८६. दोन्ही बाजूंना उजेडाच्या उभ्या पट्ट्या. ताईने एक दिवस झोपून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पेपर परत चिकटवले. मापानुसार बनवलेला माल असल्याने परतही करता येईना. दुकानाची काही चूक नव्हती, माप मीच दिलं होतं.

मग माप घ्यायचं कसं?

साधा स्टीलचा टेप घ्या. त्याच्या टोकाचं हुक थोडं हलतं, ते सैल झालेलं नाही, मुद्दाम तसं असतं. बाहेरून अडकवून ओढलं तर हुक पुढे येतं, आतून टेकवून दाबलं तर मागे जातं, आणि त्याच्या स्वतःच्या जाडीचा फरक भरून निघतो. (मी शाळेत असताना ते हुक ठोकून घट्ट केलं होतं. बाबा का ओरडले ते आता कळलं.) खिडकीच्या आतून मोजताना टेप कोपऱ्यात वाकवून अंदाज करू नका. टेपच्या डबीची लांबी बहुतेक वेळा तिच्यावरच छापलेली असते. डबी दुसऱ्या बाजूला टेकवा आणि ती लांबी मिळवा.

रुंदी तीन ठिकाणी घ्यायची: वर, मध्ये, खाली. माझ्या खिडकीत ११९३, ११९० आणि ११८६ निघाले. प्लास्टर हाताने होतं, ग्रॅनाइटची चौकट हाताने बसवतात, त्यामुळे एवढा फरक असतोच. ब्लाइंड आत बसवायचा असेल तर सगळ्यांत लहान माप धरा. बाहेर भिंतीवर लावायचा असेल तर सगळ्यांत मोठं. उंचीचंही तसंच. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चौकट काटकोनात नाही, आणि तिथे आत लावलेला ब्लाइंड एका बाजूला घासणार.

फोनचा उपयोग इथे होतो: लेव्हलचं अ‍ॅप उघडून फोन चौकटीच्या खालच्या कडेवर ठेवा, उतार लगेच कळतो. कव्हर काढून ठेवा, नाहीतर कव्हरचाच उतार मोजला जाईल.

खोली विसरू नका. आपल्याकडच्या तीन ट्रॅकच्या अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग खिडकीत मच्छरजाळीचा ट्रॅकही असतो. तो धरून आत जागा थोडीच उरते. मी निवडलेल्या ब्लाइंडला ७० मिमी लागत होते आणि माझ्याकडे होते ६५. म्हणजे पहिला ब्लाइंड रुंदीला बरोबर आला असता तरी बाहेरच डोकावला असता!

ऊन नक्की कुठून येतं?

आमच्या ब्रोशरमध्ये 'ईस्ट फेसिंग' लिहिलं होतं, म्हणून मी समजत होतो की बेडरूमला सकाळचं कोवळं ऊन येणार. पण ईस्ट फेसिंग म्हणजे मुख्य दार पूर्वेला! आमच्या बेडरूमच्या खिडक्या बरोबर उलट, पश्चिमेला. फोनमधला कंपास उघडून प्रत्येक खिडकी तपासा. मात्र लोखंडी ग्रिलला चिकटून उभे राहू नका. कंपास म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर, लोखंडाजवळ तो भरकटतो. खोलीच्या मध्यभागी उभे राहून बघा.

आणि एकच दिवस बघून ठरवू नका. पुण्यात २१ जूनच्या आसपास सूर्य पश्चिमेपासून साधारण २५ अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. ताबा घेताना सावलीत असलेली खिडकी मे महिन्यात तापू शकते. सूर्याचा वर्षभराचा मार्ग कॅमेऱ्यावर दाखवणारी अ‍ॅप्स आहेत, एआर तिथे कामी येतं. इथे दोन-तीन अंशांच्या चुकीने काही बिघडत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आतला ब्लाइंड उजेड अडवतो, उष्णता तेवढी नाही. ऊन काचेतून आत आलं की निम्मी लढाई हरलोच. काचेकडची बाजू पांढरी असेल तर थोडं ऊन परत फेकलं जातं, एवढंच. आजीच्या घरी बाल्कनीला बाहेरून बांबूची चिक असायची, वाळ्याचे पडदे असायचे, ते या बाबतीत जास्त शहाणपणाचं होतं. काचेला पोचण्याआधीच ऊन अडवलं जायचं. बाल्कनी असेल तर आजही चिक लावा, फक्त सोसायटीचे नियम आधी विचारा.

कोणता प्रकार घ्यायचा?

झोपायच्या खोलीला ब्लॅकआउट रोलर. झेब्रा ब्लाइंड दिसायला छान असतो, हल्ली सगळ्यांना तोच हवा असतो, पण त्याच्या पट्ट्या एकमेकींवर आल्या तरी पूर्ण अंधार होत नाही. हॉलला मी सनस्क्रीन कापड घेतलं. त्यावर १, ३, ५, १० टक्के असे आकडे असतात. कापडाला किती टक्के भोकं आहेत त्याचा तो आकडा. गडद रंगातून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं. पण हे लक्षात ठेवा, दिवसा आतलं बाहेर दिसत नाही, रात्री लाइट लावला की उलटं होतं. समोरची बिल्डिंग जवळ असेल तर विचार करा. आडव्या पट्ट्यांचा व्हेनेशियन किचनजवळ नको, फोडणीचा तेलकट थर एकेक पट्टी पुसत बसावा लागतो.

रंग मोबाईलच्या स्क्रीनवरून ठरवू नका. कॅमेरा व्हाइट बॅलन्स आपल्या मनाने बदलतो, प्रत्येक स्क्रीन वेगळी. मला फोटोत जो 'बेज' वाटला तो हातात घेतल्यावर चक्क गुलाबीकडे झुकत होता. कापडाचे तुकडे मागवा. ब्लॅकआउट खरं आहे का ते बघायला रात्री कापडामागे फोनचा टॉर्च लावा. ठिपके दिसले तर ते कापड नको.

मोटर आणि अ‍ॅपवाले ब्लाइंड

तुमच्यातले अर्धे जण इथेच उडी मारून आले असतील! वायरवाल्या मोटरला खिडकीच्या वर लाइटचा पॉइंट लागतो. तो रंगकाम होण्याआधी काढून घ्या, नंतर भिंत फोडावी लागते. बॅटरीवाल्यात तो त्रास नाही, लाइट गेली तरी चालतात, अधूनमधून चार्ज करायचे. वाय-फाय सतत जोडलेलं ठेवायला जास्त वीज लागते, म्हणून बॅटरीवाले बरेच ब्लाइंड झिगबी किंवा थ्रेडवर चालतात आणि त्यांना हब लागतो. त्याची किंमत वेगळी असू शकते, ती विचारा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर स्टँडर्डमध्ये ब्लाइंड्सचा समावेश पहिल्यापासून आहे, आणि ते घरातल्या नेटवर्कवरच चालतं. नुसतं कंपनीच्या क्लाउडवर चालणारं मॉडेल घेतलं तर इंटरनेट बंद पडल्यावर फोनवरून पडदा हलणार नाही. मी मोटर घेतली नाही, हप्ते आहेत.

साखळी घेतली तर एक काम टाळू नका. ताईचा मुलगा दोन वर्षांचा आहे. लोंबणारी साखळी किंवा दोरी लहान मुलाच्या गळ्याला फास बनू शकते, आणि आवाजही होत नाही. अमेरिकेच्या स्टँडर्डनुसार डिसेंबर २०१८ पासून दुकानात तयार मिळणारे ब्लाइंड बिनदोरीचेच असायला हवेत किंवा दोरी हाताला न लागणारी हवी, ते याच कारणाने. साखळी ताणून भिंतीला पक्की करणारा क्लिप सोबत येतो. फिटर "लागत नाही हो" म्हणून पिशवीत ठेवून देतो, त्याला समोर उभं राहून लावायला सांगा. पलंग किंवा पाळणा खिडकीखाली नको.

ऑर्डर देताना

ऑर्डरच्या मेसेजमध्ये आधी रुंदी, मग उंची, सगळं मिमीमध्ये. इंच आणि सेंटीमीटर मिसळू नका. हे 'ओपनिंग साइज' आहे की 'तयार ब्लाइंडची साइज' ते शब्दांत लिहा. आत बसवताना १० मिमी तुम्ही कमी केले आणि १० मिमी त्यांनीही कमी केले, असं होतं. साखळी डावीकडे की उजवीकडे तेही लिहा. खिडकीचं हँडल पुढे आलेलं असेल किंवा ग्रॅनाइट भिंतीबाहेर आलेलं असेल तर 'रिव्हर्स रोल' सांगा, म्हणजे कापड रोलच्या पुढच्या बाजूने उतरतं आणि अडकत नाही.

आता थोडा हिशोब. ताईच्या खिडकीसाठी दुसऱ्या वेळी मी बाहेरून लावायचा १३९० × १५५० मिमीचा ब्लाइंड ठरवला. हे होतात सुमारे २३.२ चौरस फूट. पण दुकानदार प्रत्येक बाजू पुढच्या अर्ध्या फुटाला नेत होता: ५ × ५.५, म्हणजे २७.५ चौरस फूट. समजा दर १८० रुपये असेल, तर ७७५ रुपये हवेत गेले. मी उंची १५२० केली, ती पाच फुटांच्या आत आली आणि बिल २५ चौरस फुटांवर. तीस मिमी कापडाने काही फरक पडला नाही.

आणखी एक. नवं प्लास्टर आणि रंग पूर्ण वाळू द्या, ओल असेल तर कापडाला बुरशी येते. खिडकी गळते का तेही आधी बघा. बाहेरच्या ट्रॅकमध्ये मगाने पाणी ओता, ते भोकांतून बाहेर जायला हवं. आत आलं तर बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कळवलेला बांधकामाचा दोष त्याने ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. ड्रिलिंग झाल्यावर "तुमच्या भोकांमुळे गळतंय" हे ऐकावं लागू नये म्हणून त्याआधीचे फोटो काढून ठेवा.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, टेप लावून. ऑनलाइन मागवलेला माल तुम्ही लिहिलेल्या मापाप्रमाणे आला नसेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, 'कस्टम मेड' असला तरी. ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

दुसरा ब्लाइंड बसला त्या दिवशी ताई नऊला आली आणि थेट साडेचारला उठली. बाहेर येऊन विचारलं, "पाऊस पडतोय का रे?" मार्च महिना होता. पहिला, चुकलेला ब्लाइंड आता माझ्या खोलीच्या ९०० मिमीच्या खिडकीवर बाहेरून लावलाय. तिथे तो अगदी बरोबर बसतो.