छपरावरील वीज आणि व्यापाऱ्यांचा संघटित आवाज



धान्याच्या व्यापाऱ्याचे उन्हाशी नाते जुने आहे. ऊन दाखविल्यावाचून कडधान्य टिकत नाही, हे आपण लहानपणीच शिकलो. तेच ऊन आता गुदामाच्या छपरावर वीज निर्माण करते. धान्य साफ करण्याची यंत्रे दिवसा चालतात आणि ऊनही दिवसाच मिळते. गरज व पुरवठा यांचा असा मेळ व्यापारात क्वचितच जमतो.

आपल्या गुजरात राज्याने 2009 साली स्वतंत्र सौरऊर्जा धोरण जाहीर केले. 2015 साली वडोदऱ्याजवळ नर्मदेच्या शाखा कालव्यावर 10 मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. त्यामुळे जमीन अडली नाही आणि पाण्याचे बाष्पीभवनही घटले. शासनाने मनावर घेतले म्हणजे काय घडते, याचे हे उदाहरण आपल्या दाराशीच आहे.

परंतु शासनाच्या मनात आपली अडचण भरविण्याचे काम आपलेच असते. डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. त्यांत 10 किलोवॅटपर्यंतच्या ग्राहकासच स्वतःची वीज आपल्या वापरातून वळती करण्याची सोय होती. त्यावरील ग्राहकाने सर्व वीज ठरीव भावाने कंपनीस द्यावी आणि आपली गरज कंपनीच्या दराने विकत घ्यावी, असा प्रकार होता. म्हणजे घरचे गहू घाऊक भावाने विकून तेच किरकोळ भावाने परत आणावयाचे! लघुउद्योगांच्या व सौर व्यवसायाच्या संघटनांनी यास हरकत घेतली. जून 2021 मध्ये नियम सुधारला गेला आणि ही मर्यादा 500 किलोवॅट अथवा मंजूर वीजभार, यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंत वाढली. एकट्या दुकानदाराच्या अर्जाने हे घडले असते काय?

माझा अनुभव सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी गुदामावर सौरपट्ट्या बसविल्या. काम आठ दिवसांत आटोपले. मात्र दुहेरी नोंद करणारा मीटर मिळण्यास चार महिने लागले. तोवर पट्ट्या निरुपयोगी पडून राहिल्या आणि बिल पूर्ण भरावे लागले. मी एकटाच कचेरीचे उंबरे झिजवीत राहिलो. पुढे कळले की बाजारातील आणखी पाच जण त्याच रांगेत होते. आम्ही संघाच्या नावाने एक पत्र दिले असते तर? ही चूक माझीच, असे मी मानतो. दुसरी चूक धान्याच्या धुळीची. पट्ट्यांवर ती बसून वीज घटली, तेव्हा डोळे उघडले. आता दर पंधरवड्यास सकाळी त्या धुतल्या जातात.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या घरगुती संचास 78,000 रुपये साहाय्य ठरविण्यात आले. दुकाने व गुदामे मात्र तिच्या कक्षेत नाहीत. म्हणूनच आपण बोलले पाहिजे. 2003 च्या वीज कायद्यान्वये दरनिश्चितीपूर्वी नियामक आयोगास जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. तेथे आपला कागद पोहोचतो काय, हा खरा प्रश्न आहे.

यास्तव माझी नम्र विनंती अशी की, संघाने एक छोटी समिती नेमावी; सभासदांचे रखडलेले अर्ज एकत्र करावे; आणि प्रत्येक सुनावणीस लेखी म्हणणे सादर करावे. तरुण सभासदांनी हिशेब मांडावा, आम्ही वडीलधाऱ्यांनी पाठीशी उभे राहावे. ऊन सर्वांना सारखेच मिळते. त्याचा न्याय्य मोबदला मात्र मागणाऱ्यासच मिळतो.