छापखान्यातल्या सिस्टर

३१ डिसेंबर १९०० ची रात्र. उत्तर इटलीतल्या आल्बा शहराच्या कॅथेड्रलमध्ये सोळा वर्षांचा जाकोमो अल्बेरिओने चार तास प्रार्थनेला बसला होता. फादर होण्यासाठी तो सेमिनरीत शिकत होता. उजाडणाऱ्या शतकातल्या माणसांसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे, असं त्यानं त्या रात्री मनाशी ठरवलं. पुढे त्या 'काहीतरी'चा झाला छापखाना!

१९१४ साली फादर अल्बेरिओने यांनी आल्ब्यात मुलांसाठी छपाईची शाळा काढली. चर्चमध्ये येईल त्यालाच प्रवचन ऐकू येतं. छापलेला कागद मात्र चर्चची पायरी कधीही न चढणाऱ्याच्या घरातही पोचतो, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून छपाई हेच धर्मकार्य, असं त्यांनी मानलं. पुढच्याच वर्षी त्यांनी हे काम मुलींच्याही हाती सोपवायचं ठरवलं.

त्या मुलींत तेरेसा मेर्लो होती, शिवणकाम करणारी. पहिलं महायुद्ध पेटलेलं असल्यानं सुरुवातीला या मुली सैनिकांचे कपडे शिवत आणि जोडीला पुस्तकांचं छोटं दुकान चालवत. १९१८ च्या डिसेंबरात त्यांतल्या काहीजणी आल्प्सच्या पायथ्याशी सुसा या गावी गेल्या. तिथल्या धर्मप्रांताचं 'ला वालसुसा' हे साप्ताहिक त्यांच्यावर सोपवण्यात आलं होतं. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, उलट्या अक्षरांच्या ओळी जुळवायच्या, यंत्र चालवायचं आणि अंक वेळेवर काढायचा, हे सगळं त्या करू लागल्या. त्यांच्याकडे संत पौलाची तसबीर होती, म्हणून गावकरी त्यांना 'संत पौलाच्या कन्या' म्हणू लागले. पुढे या मुलींचा धर्मसंघ झाला आणि आज जगभर त्याचं तेच नाव आहे. ते शोभतंही किती! संत पौल जिथे स्वतः पोचू शकत नव्हता, तिथे त्याची पत्रं जात.

१९२२ साली तेरेसानं व्रतं घेतली आणि ती सिस्टर तेक्ला झाली. धर्मसंघाची धुरा तिच्याकडे आली, ती १९६४ मध्ये तिच्या निधनापर्यंत. धर्मप्रांताची रीतसर मान्यता मिळायला मात्र १९२९ साल उजाडलं. मान्यतेसाठी या बायकांनी काम थांबवलं नव्हतं. पुस्तकांच्या पिशव्या घेऊन त्या दारोदार हिंडत. १९३१ च्या नाताळात निघालेलं 'फामिल्या क्रिस्तियाना' हे साप्ताहिक त्यांनी असंच घरोघर पोचवलं. लिहिणं, छापणं, विकणं ही सगळी साखळी त्यांच्याच हातात होती. हे कामही त्यांच्यासाठी प्रार्थनाच होतं.

हे सारं करायला व्रतच घ्यावं लागतं असंही नाही. न्यूयॉर्कची डोरोथी डे प्रापंचिक होती, एका मुलीची आई आणि पेशानं पत्रकार. १ मे १९३३ रोजी तिनं पीटर मॉरिन यांच्यासह 'कॅथलिक वर्कर' हे पत्र सुरू केलं. किंमत एक सेंट! मंदीत होरपळलेल्या कामगारांसाठी तिनं लिहिलं आणि लिहिलं तसं वागून भुकेल्यांसाठी, बेघरांसाठी घरंही उघडली.

छापलेल्या शब्दातून धर्मकार्य करण्याची ही परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. 'निरोप्या' हे मराठी कॅथलिक मासिक १९०३ पासूनचं. आणि आल्ब्याच्या त्या सिस्टरांचं प्रकाशनकेंद्र मुंबईत, वांद्र्याला आहे.

धार्मिक पत्रकारितेचा इतिहास सांगताना आपण बिशप आणि संपादकांची नावं घेतो. त्यांच्याइतकाच मान खिळे जुळवणाऱ्या आणि अंक खांद्यावर वाहणाऱ्या या बायकांनाही मिळायला हवा. यापुढे एखादं धार्मिक मासिक हाती आलं, की ते कोणी लिहिलं यासोबत ते कोणी घडवलं, हेही जरूर वाचा.