कौलांखालचे दुसरे छप्पर

पावसाळा तोंडावर आला की कोकणातील खेडोपाडी घरे शाकारण्याची लगबग सुरू होते. फुटकी कौले काढून नवी घातली जातात, आढ्यावरील कोने पुन्हा पक्के केले जातात, कुजलेल्या रिपा बदलल्या जातात. या साऱ्या खटाटोपात छपराच्या एका भागाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो भाग म्हणजे कौलांच्या खालचा थर. पुष्कळ इमारतींत असा थर मुळी नसतोच. वाशांवर रिपा, रिपांवर कौले आणि कौलांवर आकाश, एवढीच त्यांची रचना असते.

ही रचना शांत पावसात उत्तम काम देते. तिची उणीव दिसते ती कौल फुटल्यावर. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील असंख्य घरांची आणि शाळांची छपरे त्यात मोडली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा व विदर्भाने मोठी गारपीट अनुभवली. अशी संकटे वरचेवर येत नाहीत हे खरे. परंतु नारळ पडणे, आंब्याची फांदी मोडणे, वानरांच्या टोळीने पाख्यावर उड्या मारणे हे तर नित्याचेच आहे. कौल फुटले की पाणी आत येते आणि कौलाचे तुकडेही खाली येतात. खाली वर्ग भरलेला असेल, तर हा प्रश्न केवळ गळतीचा राहत नाही.

आघाताचे गणित

गारेचा आघात तिच्या आकाराच्या मानाने फारच झपाट्याने वाढतो. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचे वजन आठपट होते आणि पडण्याचा वेगही वाढतो. परिणामी आघाताची ऊर्जा सुमारे सोळापट होते. अडीच सेंटिमीटरची गार कौलावर आपटून बहुधा विरून जाते. पाच सेंटिमीटरची गार मात्र सुमारे ३० ज्यूल ऊर्जेनिशी आदळते. आता दुसरे उदाहरण पाहू. मंगलोरी कौल साधारणतः दोन ते तीन किलो वजनाचे असते. त्याचा एक किलोचा तुकडा तीन मीटर उंचीवरून खाली पडला, तर त्याची ऊर्जाही जवळजवळ तेवढीच भरते. म्हणजे जी गार कौल फोडू शकते, तिच्याइतकाच आघात त्या कौलाचा तुकडा खाली बसलेल्या मुलाच्या डोक्यावर करू शकतो.

आघात सोसण्याची क्षमता मोजण्याच्या पद्धती परदेशांत रूढ आहेत. अमेरिकेत डांबर व काचतंतू यांपासून केलेल्या चपट्या कौलांची छपरे सर्वत्र आढळतात. ‘यूएल २२१८’ या तेथील कसोटीत सर्वोच्च श्रेणीसाठी दोन इंच व्यासाचा पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात आणि कौलाला तडा गेला की नाही, हे पाहतात. भाजलेल्या मातीसारख्या कठीण कौलांसाठी बर्फाचे गोळे मारून पाहण्याची वेगळी कसोटी आहे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेतील चपटे कौल खालच्या फळीवर सपाट टेकलेले असते; त्यामुळे खालचा थर त्याला प्रत्यक्ष आधार देतो. मंगलोरी कौल दोन रिपांवर टेकते व मध्ये अधांतरी राहते. आघात नेमका मध्यावर झाला, तर खाली कोणताही थर असला तरी ते फुटू शकते. तेव्हा आपल्याकडे अशा थराचे काम कौल वाचविणे हे नसून, कौल फुटल्यानंतर घर आणि माणसे वाचविणे हे आहे.

कोणता थर निवडावा

ही कल्पना नवी नाही. मंगळूर येथे १८६५ मध्ये बाझल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर ही कौले सर्वत्र पसरली. त्यांच्या खाली बसवायची सपाट मातीची कौलेही वापरात आली. जुन्या वाड्यांतून कौलांखाली लाकडी फळ्यांची तक्तपोशी आढळते. फळ्या तुकडे अडवितात, उष्णता कमी करतात आणि छपराला मजबुती देतात. मात्र त्या महाग पडतात व वाळवीपासून जपाव्या लागतात. सपाट कौले थंडावा देतात. परंतु तीही ठिसूळच असल्याने मोठ्या आघातापुढे त्यांचा भरवसा धरता येत नाही.

डांबरी फेल्ट पाणी अडविते, पण जड तुकड्याने फाटते. म्हणून ते फळ्यांवर किंवा प्लायवुडवर अंथरावे. रबरमिश्रित डांबराचे चिकट पडदे खिळ्याभोवती घट्ट बसतात आणि आघाताने सहसा चिरत नाहीत. विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची चादर हलकी व फाटण्यास चिवट असते. जेथे खर्चाची मर्यादा आहे, तेथे वाशांवर ताणून बसविलेली तारेची जाळी व तिच्यावर अशी चादर हा उपाय योजता येतो. जाळी तुकडा झेलते, चादर पाणी वाहून नेते. वर्गखोलीसाठी नुसती चादर पुरेशी मानू नये.

कौलांखाली साधा प्लास्टिकचा कागद अंथरण्याची पद्धत मात्र टाळावी. तो लवकर ठिसूळ होतो. शिवाय त्याच्याखाली बाष्प साचून वासे व रिपा कुजू लागतात. गळती थांबली असे वाटते आणि छप्पर आतून खचत जाते.

बसविण्याची रीत

उत्तम साहित्यही चुकीच्या रीतीने बसविले तर निरुपयोगी ठरते. थर नेहमी वळचणीकडून आढ्याकडे अंथरीत जावे. वरच्या पट्टीने खालच्या पट्टीवर किमान १० ते १५ सेंटिमीटर यावे. थरावर प्रथम वाशांच्या दिशेने उभ्या पट्ट्या ठोकाव्यात आणि त्यांवर आडव्या रिपा बसवाव्यात. रिपा थेट थरावर ठोकल्या, तर आत आलेले पाणी प्रत्येक रिपेशी अडून राहते. उभ्या पट्ट्यांमुळे पाण्याला वाट मिळते व हवाही खेळती राहते. थराची खालची कड पन्हळीत किंवा वळचणीबाहेर सोडावी.

वादळात वारा फटींतून आत शिरून कौलांना खालून उचलतो. अखंड थर हा दाब बऱ्याच अंशी स्वतःवर घेतो; म्हणून तो वाशांना पक्का जखडलेला असला पाहिजे. वळचण, आढे आणि कडेच्या ओळींतील कौले तारेने किंवा खिळ्याने बांधून घ्यावीत.

पंचायतीचे कर्तव्य

थर घातलेल्या छपरात एक धोका संभवतो. पूर्वी फुटलेल्या कौलातून उजेडाचा कवडसा आत येई आणि गळतीची जागा कळे. थर घातल्यावर तो कवडसा दिसत नाही. त्यामुळे खालून पाहून समाधान मानू नये. दरवर्षी मृगापूर्वी पाख्यांची बाहेरून पाहणी करून फुटकी कौले बदलावीत.

शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार होते, तेव्हा त्यात कौलांची संख्या असते, रंगाचा खर्च असतो. कौलांखालच्या थराची एक ओळ त्यात असावी, एवढा आग्रह ग्रामसभेने व शिक्षकांनी धरला पाहिजे. सर्व इमारतींचे काम एकदम होणे शक्य नसेल, तर झाडांखाली येणाऱ्या वर्गखोल्यांपासून प्रारंभ करावा. कौल आज ना उद्या फुटणारच. ते फुटेल त्या दिवशी खालचे मूल सुखरूप राहावे, यासाठीच हे दुसरे छप्पर आहे.