गोलावर ठिपके टाकताना

पृथ्वीचा किती भाग बर्फाखाली आहे, याचा अंदाज संगणकाकडून काढायचा आहे, असे समजू. मार्ग सोपा वाटतो. यदृच्छेने एक अक्षांश आणि एक रेखांश निवडावा, तेथे ठिपका टाकावा. असे हजारो ठिपके पडले, की त्यांतील किती बर्फावर आले ते मोजावे. उत्तर मात्र हटकून फुगलेले येते. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकवटत जातात, हे त्याचे कारण. उत्तरेस व दक्षिणेस ८० अंशांपलीकडचा प्रदेश मिळून पृथ्वीच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम दीड टक्का भरतो. या पद्धतीत मात्र ११ टक्के ठिपके तेथेच पडतात.

यावरचा तोडगा आर्किमिडीजच्या काळापासून उपलब्ध आहे. गोलाला वेढून बसणाऱ्या वृत्तचितीचे आडवे काप घेतले, तर प्रत्येक कापात गोलाचे आणि वृत्तचितीचे वक्रपृष्ठ समान क्षेत्रफळाचे असते. तेव्हा अक्षांशाऐवजी अक्षावरील उंची यदृच्छेने निवडावी, की काम झाले. (गोल आणि वृत्तचिती आर्किमिडीजच्या थडग्यावरही होत्या, इ. स. पूर्व ७५ मध्ये सिसेरोने ते थडगे त्या खुणेवरूनच ओळखले.)

तरीही ठिपके समान अंतरावर येत नाहीत. अंगणात पडलेले पावसाचे पहिले थेंब पाहावेत : कोठे दाटी, कोठे कोरडी जागा. समान संधी आणि समान अंतर या भिन्न गोष्टी आहेत. मग सरळ जाळीच का आखू नये? एक तर गोलावर चौकटींची जाळी नीट बसत नाही. शिवाय नियमित जाळी बारीक नक्षीवर नसलेले पट्टे दाखवते. दूरचित्रवाणीवर रेघांचा सदरा झिरमिळतो, तो याच दोषामुळे.

मधला मार्ग असा : ठिपका यदृच्छेनेच टाकावा, पण आधीच्या एखाद्या ठिपक्याच्या ठरावीक अंतराच्या आत आला तर नाकारावा. वक्रपृष्ठावर हे अंतर पृष्ठावरूनच मोजणे श्रेयस्कर; अन्यथा हत्तीच्या प्रतिमेत कानाच्या पुढचा व मागचा ठिपका शेजारी ठरतील. जागा भरत आली, की बहुतेक ठिपके नाकारले जाऊन वेळ वाया जातो. म्हणून रॉबर्ट ब्रिडसन यांनी २००७ मध्ये नवा ठिपका आधीच्या ठिपक्याभोवतीच्या कड्यातच शोधण्याची युक्ती मांडली.

निसर्गाला ही रचना नवी नव्हती. ऱ्हीसस माकडाच्या दृष्टिपटलावरील शंकुपेशी मध्यबिंदूपासून दूर अशाच विखुरलेल्या, तरी एकमेकींपासून अंतर राखून असतात, असे जॉन येलॉट यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले.