गंधकावर जगणारे

जगायला अन्न लागतं आणि अन्नाला सूर्यप्रकाश, हे आपण शाळेतच घोकलं. मी कॉन्व्हेंटचा, म्हणून ‘फोटोसिंथेसिस’ घोकलं, एवढाच फरक! पण सूर्याशिवाय, चक्क गंधकावर जगणारे जीवाणूही आहेत. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते १८८७ साली दाखवून दिलं. आमच्या माळशिरस तालुक्यात तर त्यांची फार गरज आहे.

नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला. पण काळ्या जमिनीला निचरा कमी. भरमसाट पाण्याबरोबर खालचे क्षार वर चढतात. पाणी उडून जातं, क्षार राहतात. त्यातलं सोडियम मातीच्या कणांना चिकटलं की जमीन चोपण होते. ओली असताना चिकट, वाळली की दगड. पाणी मुरत नाही, पीक धरत नाही.

अशा जमिनीत चुनखडी असेल तर शेणखतातून गंधक देतात. नुसतं गंधक काहीच करत नाही. खरं काम थायोबॅसिलस आणि त्याच्या भाऊबंदांचं:

गंधक + ऑक्सिजन + पाणी → सल्फ्युरिक आम्ल

३२ ग्रॅम गंधकामागे सुमारे ५८७ किलोज्यूल ऊर्जा सुटते. आपण भाकरी जाळतो, ते गंधक! गंधकातले इलेक्ट्रॉन प्रथिनांच्या साखळीवरून ऑक्सिजनकडे जातात आणि त्या जोरावर प्रोटॉन पेशीच्या पटलाबाहेर साठतात. भाटघरचं वीजघर जसं साठलेल्या पाण्यावर चालतं, तसं आत परतणाऱ्या प्रोटॉनवर एक सूक्ष्म टर्बाईन फिरतं आणि एटीपी बनतं. मग त्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडची साखर होते. म्हणजे उसाचंच काम, पण अंधारात!

आम्ल हा त्यांचा टाकाऊ माल. चुनखडीशी त्याची क्रिया होऊन जिप्सम बनतं. कागदावरच्या हिशोबाने १ किलो गंधकामागे सुमारे ५.४ किलो. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं. सुटलेलं सोडियम चांगल्या पाण्याने धुऊन चरातून बाहेर काढायचं.

मात्र या जीवाणूंना हवा लागते. तुंबलेल्या रानात त्यांचं काम ठप्प होतं, उलट दुसरे जीवाणू सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड सोडतात. म्हणून आधी चर, मग गंधक.

सिव्हिलवाल्यांनो, गटाराच्या काँक्रीट पाईपमध्ये हाच वायू खाऊन हेच भाऊबंद आम्ल बनवतात आणि पाईप पोखरतात. शेतात कामाचे, गटारात तापदायक. तेव्हा हॉस्टेलच्या ड्रेनेजचा वास आला तर नुसतं नाक दाबू नका, पाईपही बघून घ्या!