पेटीतलं मुंडकं

जत्रेत आकाशपाळणा दोन दिवसांत उभा राहतो. पाळणेवाला ट्रकमधून सांगाडा उतरवतो, नटबोल्ट आवळतो आणि संध्याकाळी पोरं वर जाऊन किंचाळायला लागतात. मग पैशाला तोटा नसलेल्या डिस्नेलँडला एक नवा खेळ उभारायला वर्षानुवर्षं का लागतात? संपादकांचा हा प्रश्न घेऊन मी कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला गेलो आणि 'हॉन्टेड मॅन्शन' या भुताच्या वाड्यापुढे रांगेत उभा राहिलो. "मामा, पाऊण तास तरी लागेल," भाचा म्हणाला. या वाड्याच्या हिशेबात पाऊण तास म्हणजे काहीच नाही.

वाडा बाहेरून १९६३ सालीच तयार होता. लोकांसाठी दार उघडलं ९ ऑगस्ट १९६९ ला. मधली वर्षं आत भुतांचा पत्ता नव्हता. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनाचे चार खेळ डिस्नेने अंगावर घेतले आणि कारागीर तिकडे गुंतले. डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने गेले. अधिकृत इतिहासात कारणं साधारण इथेच थांबतात.

मला खरी अडचण पायांची वाटते. सुरुवातीचा बेत असा, की लोकांनी दालनादालनांतून चालत जायचं. पण चालणारा माणूस थांबतो, आ वासून बघतो, मागच्याला पुढे या म्हणतो. दिवसभरात हजारो लोक यायचे, तर हे कसं जमणार? उत्तर मिळालं ते रहाटगाडग्यासारखं. काळ्या गाड्यांची अखंड माळ, एकीमागे एक, सहसा न थांबणारी. गाडीखालच्या रुळांनुसार ती हवी तिकडे वळते, कलते. याच बागेतल्या दुसऱ्या खेळात १९६७ मध्ये ही माळ आधी फिरली होती. आता कोणत्या क्षणी प्रेक्षकाने कुठे बघायचं, हे गाडीच ठरवणार. म्हणजे प्रत्येक भुताची जागा त्या नजरेशी जुळवणं आलं.

त्यातलं एक भूत काही केल्या जुळेना. माळ्यावर उभा म्हातारा, उंच टोपी, काठीवर वाकलेला, हातात टोपी ठेवायची पेटी. धडावरचं मुंडकं दिसेनासं व्हायचं आणि पेटीत हसत प्रकट व्हायचं. आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत ट्रिकसीन. युक्ती साधी होती. वरच्या मुंडक्यावरचा दिवा विझवायचा, पेटीतला लावायचा. पूर्ण अंधारात हे जमतंही. माळ्यावर मात्र गाडी भुताच्या फार जवळून जायची, आजूबाजूचा उजेड सांडायचा आणि दिवा विझला तरी खांद्यावरचं मुंडकं दिसतच राहायचं. येल ग्रेसी हा आभासांचा उस्ताद; त्यालाही ते साधलं नाही. वाडा उघडल्यावर थोड्याच दिवसांत भूत काढून टाकलं. ते परत आलं मे २०१५ मध्ये, नव्या तंत्राने, माळ्याच्या टोकाला. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या अशाच वाड्यात तर ते २०२३ मध्ये आलं.

एका मुंडक्यासाठी ४५ वर्षं! यात हट्ट किती आणि हयगय किती, मला सांगता येणार नाही. पण चालू खेळात हात घालणं किती अवघड, हे आत गेल्यावर कळतं. सुरुवातीची ती लांबत जाणारी खोली मुळात लिफ्ट आहे. आपण खाली उतरतो, कारण भुतांची मोठी इमारत बागेच्या आगगाडीच्या रुळांपलीकडे आहे आणि तिकडे रुळांखालून जावं लागतं. वर रेल्वे, चहूकडे गर्दी, बाग वर्षभर उघडी. दुरुस्तीला मिळते ती रात्र. त्याहून जास्त हवं तर खेळ बंद करून लोकांची नाराजी घ्यायची. २०२४ मध्ये बाहेरची रांगेची जागा वाढवायची होती, तर तेवढ्यासाठीही वाडा कित्येक महिने बंद ठेवावा लागला.

आमची गाडी माळ्यावर पोचली आणि अख्खी माळ थांबली. चढायला वेळ लागणारं कुणी असेल, तर थांबवतात. म्हातारा बरोबर समोर होता. मुंडकं गेलं, पेटीत आलं, परत वर गेलं. मी पुढे झुकून सांधा शोधत होतो. चौथ्या खेपेला भाचा म्हणाला, "मामा, नीट बसा, सुरू होतंय."