बॅकअप घेतलाय, पण तो परत येतो का?

वेबसाइट एका होस्टिंगवरून दुसरीकडे कशी हलवायची, यावर एक भाग करा असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. तर आज तोच विषय. पण सुरुवात माझ्या एका घोळापासून.

मला शाळेत शिकवणारे एक सर रिटायर झाल्यापासून गावच्या तलावावरच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवतात. कुठला पक्षी कधी आला, किती आले, घरटं कुठे केलं, सगळं मराठीत. कॉलेजात असताना मीच त्यांना वर्डप्रेसवर साइट करून दिली होती. दोन वर्षांपूर्वी होस्टिंग महाग झालं. मी म्हटलं, "सर, टेन्शन घेऊ नका, मी हलवतो."

वर्डप्रेसची साइट म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, फायली: थीम, प्लगइन, फोटो. दोन, डेटाबेस: तुम्ही लिहिलेला प्रत्येक लेख, प्रत्येक कमेंट, सगळी सेटिंग्ज. फोल्डर कॉपी केलं की साइट आली असं वाटतं, पण लेख त्यात नसतातच. ते मायएसक्यूएलमध्ये असतात आणि वेगळे काढावे लागतात. त्यासाठी मायएसक्यूएलडंप नावाची कमांड आहे. ती अख्खा डेटाबेस एका साध्या टेक्स्ट फायलीत उतरवते.

मी ती कमांड कुठूनतरी कॉपी केली आणि चालवली. फाइल आली, १३ एमबीची. आधीचा बॅकअप ३० एमबीच्या आसपास होता. मी खूश, म्हटलं कचरा गेला असेल. दुसऱ्या दिवशी जुना प्लॅन संपत होता, तो संपू दिला. शनिवारी नव्या सर्व्हरवर फाइल चढवली, साइट उघडली आणि पोटात गोळा आला. सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं.

झालं काय होतं? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. मी कॉपी केलेल्या कमांडमध्ये कॅरेक्टर सेट होता लॅटिन-१. त्यात देवनागरी नाहीच. मग मायएसक्यूएलने प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं. ३ बाइटचा १ बाइट झाला, म्हणून फाइल लहान! अक्षरांऐवजी टोपीवाले विचित्र इंग्रजी ए दिसत असतील, तर बहुतेक वेळा मजकूर परत मिळवता येतो. प्रश्नचिन्हं फायलीतच लिहिली गेली असतील, तर मूळ अक्षर त्यात उरलेलंच नसतं.

म्हणून पहिला नियम: जुनं टेबल, बॅकअपची कमांड आणि नवा डेटाबेस, तिन्हीकडे यूटीएफ-८-एमबी-४ आहे ना ते बघा. मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ-८' फक्त ३ बाइटपर्यंतच जातं. मराठी त्यात मावते, इमोजी मावत नाही. वर्डप्रेसने २०१५ मध्ये, ४.२ आवृत्तीत, हा बदल केला. तुमची साइट त्याआधीची असेल तर जरूर तपासा.

दुसरा: साइट चालू असताना बॅकअप घेताय आणि टेबलं इनोडीबीची आहेत, तर सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावा. म्हणजे सगळा डेटा एकाच क्षणाचा येतो, आणि साइटही अडत नाही.

तिसरा: पत्ता बदलत असेल तर फाइल उघडून नुसतं फाइंड-रिप्लेस मारू नका. वर्डप्रेस बरीच सेटिंग्ज अशी साठवतं की मजकुराशेजारी त्याची लांबीही लिहिलेली असते. एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलं की एक अक्षर वाढतं, आकडा जुनाच राहतो, आणि विजेट गायब! डब्ल्यूपी-सीएलआयची सर्च-रिप्लेस कमांड वापरा, ती आकडाही बदलते.

आता तुम्ही म्हणाल, असा घोळ नवशिक्याचाच होतो. नाही हो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या इंजिनिअरकडून चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस उडाला, साधारण ३०० जीबी. बॅकअप बघायला गेले तर तो बनतच नव्हता. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, बॅकअपचा प्रोग्राम ९.२ चा, आणि बिघाड सांगणाऱ्या ईमेल पोचतच नव्हत्या. सुमारे ६ तास आधी घेतलेली एक कॉपी होती, म्हणून वाचले. मधल्या तासांचा डेटा गेलाच.

दोघांची चूक एकच. बॅकअप घेतला, पण परत चढवून कुणी पाहिलाच नाही.

सरांचं काय झालं? त्यांच्या पेनड्राइव्हवर चार महिन्यांपूर्वीचा बॅकअप निघाला. मधल्या चार महिन्यांचं सरांनी वहीत बघून पुन्हा टाइप केलं. मला एक शब्द बोलले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

तर या रविवारचा होमवर्क. बॅकअपची फाइल घ्या, लॅपटॉपवर रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवा आणि एक जुना लेख उघडून वाचा. पोस्ट किती, कमेंट किती, चालू साइटशी ताडून बघा. आणि नवी साइट नीट वाचून होईपर्यंत जुनं होस्टिंग बंद करू नका. एका महिन्याचे पैसे जास्त गेले तर गेले.

भेटूया पुढच्या भागात!